गार पाणी आणि उघडी खिडकी

कॉस्टिक मागितलं की दुकानदार तुमच्याकडे एकदा नीट बघून घेतो. नाशिकच्या भद्रकालीतल्या ज्या दुकानात रंग, खिळे, सुतळी आणि उंदरांचं औषध एका छताखाली मिळतं, तिथे मी पहिल्यांदा "अर्धा किलो कॉस्टिक द्या" म्हटलं तेव्हा गल्ल्यावरच्या काकांनी विचारलं, "मोरी तुंबलीये का ताई?" साबण करायचाय म्हटल्यावर ते आणखीच चिंतेत पडले. "साबण शेजारी किराण्यात मिळतो की हो." तरी त्यांनी पांढऱ्या पाकळ्या तोलल्या, पिशवीत पिशवी घालून घट्ट गाठ मारली आणि म्हणाले, "पोरांच्या हाताला लागू देऊ नका. ओल्या हातानं धरू नका." साबणावरच्या पुस्तकांत हेच दोन पानं खर्चून सांगितलेलं असतं.

काकांची शंका रास्त होती. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, मोरी मोकळी करतो तो तिथे अडकलेल्या तेलातुपाचा साबण करूनच. घरातही आपण तेच करतो, फक्त तोलून मापून. तेल, पाणी आणि कॉस्टिक. तिन्हींचा हिशोब जमला तर शेवटी वडीत कॉस्टिक उरतच नाही. उरतो साबण, आणि त्याच्याबरोबर ग्लिसरिन, जे कारखानदार बहुधा काढून घेऊन वेगळं विकतात. ज्यांना हे खूळ वाटतं त्यांना मी आर्देशर गोदरेजांची आठवण करून देते. प्राण्यांच्या चरबीशिवाय, नुसत्या वनस्पती तेलांचा साबण त्यांनी १९१८ च्या सुमारास बाजारात आणला, तोवर तसा साबण होऊ शकतो यावर आपल्याकडे फारसा कुणाचा विश्वास नव्हता. आपल्याला तर तेही सिद्ध करायचं नाही. आपल्याला फक्त हात भाजून घ्यायचे नाहीत.

साबण मी थंडीत करते. त्यामागे सोय आहे आणि थोडा इतिहासही. सीरियातल्या हलब शहराचा ऑलिव्ह आणि लॉरेल तेलाचा साबण शतकानुशतकं हिवाळ्यातच शिजवला जातो. शरदात ऑलिव्हची काढणी होते, ताजं तेल येतं, आणि जमिनीवर ओतलेला गरम साबण गार हवेत नीट घट्ट होतो. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या १६८८ च्या फर्मानानं तर जून, जुलै आणि ऑगस्ट हे तीन महिने साबणाचे कारखाने बंद ठेवायला लावले होते, उन्हाळ्यात माल बिघडतो म्हणून. मार्सेच्या साबणाची पत टिकण्यात त्या बंदीचाही वाटा होता. नाशकात आमचं कारण साधं आहे. पावसाळ्यात कॉस्टिक हवेतलं पाणी ओढून घेतं, डबा उघडा राहिला तर पाकळ्यांचा चिकट गोळा होतो, आणि तोललेल्या शंभर ग्रॅममध्ये कॉस्टिक किती नि पाणी किती ते देव जाणे. डिसेंबरात हवा कोरडी असते, पाकळ्या सुट्या राहतात. शिवाय टाचा भेगाळलेल्या असतात आणि घरात प्रत्येकाला साबणाबद्दल मत असतं.

पण थंडीत कॉस्टिक कालवायला बसलं की एक गंमत लक्षात येते. गंमत कसली, धोकाच तो. गारठ्यात आपल्या अंगाला जे जे आपसूक करावंसं वाटतं, ते ते बहुतेक सगळं या कामात उलटं पडतं. पाणी थोडं कोमट घ्यावं. खिडकी लावून घ्यावी. अंगात स्वेटर असावा. हाताशी चहाचा कप असावा. चारही गोष्टी शहाण्यासुरत्या माणसाच्या, आणि चारही इथे नकोत.

पाण्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे होते. जानेवारीच्या सकाळी टाकीचं पाणी इतकं गार असतं की त्यात साखरही नीट विरघळायची नाही असं वाटतं, आणि मग 'जरा कोमट करून घेऊ' हा विचार कुणाच्याही मनात येतो. सासूबाईंच्या तर येतोच. "अगं, एवढ्या गार पाण्यात ते विरघळेल कसं?" त्यांचं स्वयंपाकघरातलं ज्ञान माझ्यापेक्षा जास्त, आणि मीठ, साखर, गूळ यांच्याबाबतीत त्यांचं खरंही आहे. कॉस्टिक मात्र स्वतःची उष्णता स्वतः आणतं. पाकळ्या पाण्यात पडल्या की त्यांचे घटक सुटे होतात, पाण्याचे रेणू त्यांना चहूकडून घट्ट धरतात, आणि या धरण्यातून जी ऊर्जा मोकळी होते ती पाण्याच्या वाट्याला येते. माझं नेहमीचं प्रमाण ७५ ग्रॅम कॉस्टिकला १५० ग्रॅम पाणी. पाणी बारा अंशांचं असलं तरी मिनिटभरात काटा ऐंशीच्या आसपास जातो. शेगडी नाही, आच नाही, आणि भांड्याला हात लावता येत नाही. आता हेच पाणी तुम्ही आधीच पन्नास अंशांपर्यंत तापवून घेतलंत तर पुढचा हिशोब मांडून बघा. ते उकळतं, उसळतं, आणि भांड्याबाहेर येतं. बाहेर येतं ते साधं पाणी नसतं.

जुन्या पिढीला हे एका वेगळ्या वस्तूमुळे ठाऊक आहे. दिवाळीआधी घर रंगवायला कळीचा चुना आणून पिंपात विरवत, तेव्हा पांढरे दगड पाण्यात पडताच पिंप धुमसायला लागे आणि पोरांना अंगणाबाहेर हाकलत. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेलेल्या कुणाची तरी गोष्ट प्रत्येक गावात असायची. कॉस्टिक दिसायला त्यापेक्षा फार सभ्य आहे. पिंप धुमसलं तरी निदान कळतं. कॉस्टिकचं पाणी निवळलं की अगदी पिण्याच्या पाण्यासारखं दिसतं, आणि तीच भीतीची गोष्ट.

तेव्हा पाणी गार, पण अति गारही नको. फ्रीजमधलं बर्फगार पाणी घेऊन त्यात एकदम सगळ्या पाकळ्या ओतल्या तर त्या तळाशी बसतात आणि एकमेकींना धरून पाटीसारखा कठीण थर करतात. वर पाणी शांत, आपल्याला वाटतं काही झालंच नाही. मग चमचा तळाला लागतो, थर फुटतो, आणि राहिलेली सगळी उष्णता एका दमात बाहेर पडते. म्हणून आधी पाणी, मग त्यात कॉस्टिक, चिमटीचिमटीनं नव्हे पण सावकाश, आणि पहिल्या पाकळीपासून ढवळणं चालू. उलटं कधीच नाही: पाकळ्यांवर पाणी ओतलं तर पहिल्या घोटभर पाण्यावरच सगळ्या पाकळ्यांची उष्णता तुटून पडते, आणि त्या घोटभर पाण्याची वाफ व्हायला वेळ लागत नाही.

मग खिडकी. ढवळायला सुरुवात झाली की भांड्यावर वाफ दिसते, आणि ती नुसती वाफ नसते. तिच्याबरोबर कॉस्टिकचे बारीक तुषार वर येतात. नाकात गेले की घसा धरतो, ठसका लागतो. उन्हाळ्यात खिडक्या उघड्याच असतात, कुणाला काही करावं लागत नाही. थंडीत मात्र अख्खं घर बंद असतं. पलीकडे निफाडला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी येते, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, आणि आमच्याकडे फटीला जुनी चादर लावून ठेवलेली असते. अशा वेळी ओट्यावरची खिडकी सताड उघडायची आणि पंखा लावायचा म्हणजे घरात बंड. मी भांडं खिडकीजवळ ठेवते, वाफेच्या बाजूला तोंड नेत नाही आणि कालवून झालं की दोन पावलं मागे होते. गच्चीत जाऊन करावं हा सल्ला पुष्कळजण देतात. वारा पडलेला असेल तर तो चांगलाच आहे, पण आमच्या गच्चीत थंडीच्या सकाळी वारा कुठून येईल सांगता येत नाही, आणि हलक्या पाकळ्यांना वारा आवडतो.

कोरड्या हवेचा एक खोडकरपणा इथेच सांगते. प्लास्टिकच्या वाटीत कॉस्टिक तोललं तर थंडीत स्थिर विजेनं त्याचा बारीक चुरा वाटीच्या कडांना चिकटतो, आणि वाटी उपडी करताना टुणकन उडी मारून ओट्यावर, बाहीवर, काट्यावर जातो. ओट्यावर पडलेला कण दिसत नाही. नंतर कुणीतरी तिथे ओला हात टेकतं. म्हणून तोलायला स्टीलची वाटी, आणि काम झाल्यावर ओटा दोनदा ओल्या फडक्यानं पुसायचा, हातमोजे न काढता.

स्वेटरचं सांगायलाच हवं, कारण त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. लोकर म्हणजे प्रथिन, आणि तीव्र कॉस्टिक प्रथिनं विरघळवतं. कापड शुद्ध लोकरीचं आहे का हे तपासायला प्रयोगशाळेत त्याचा तुकडा कॉस्टिकच्या पाण्यात उकळतात. लोकर विरून जाते, सूत मागे उरतं. आपली कातडीही प्रथिनाचीच हे ज्याला आठवेल त्याला आणखी काही समजावायला नको. थेंब शालीच्या पदरावर पडला तर शाल त्याला धरून ठेवते आणि मनगटाला लावून ठेवते. सैल बाह्या, ओढणी, स्वेटर सगळं बाजूला. जुना जाडा सुती शर्ट पूर्ण बाह्यांचा, वर एप्रन, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पायात बंद चपला. डोळ्यांवर चष्मा आहे म्हणून भागत नाही. बाजूनं बंद असणारा गॉगल लागतो. गरम वाफेनं थंडीत त्याच्या काचेवर धुकं धरतं. तेव्हा गॉगल वर सारावासा वाटतो. तो वर सारायच्या आधी भांडं खाली ठेवून चार पावलं लांब जायचं, इतकं केलं तरी पुरे.

चहाच्या कपाबद्दल वेगळं लिहायला नको.

भांड्यांचं थोडक्यात सांगते. ॲल्युमिनियमचं पातेलं नको: कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन वायू सोडतं. काचेचं भांडंही नको, आणि थंडीत तर नकोच. रात्रभर ओट्यावर गारठलेल्या जाड काचेला आतून अचानक ऐंशी अंश लागले तर ती तडकते, आणि न तडकली तरी कॉस्टिक काचेला हळूहळू कोरत असतं. स्टील, नाहीतर जाड पॉलिप्रॉपिलीनचा मग. आणि मोरी साफ करण्याच्या तयार पुड्या साबणाला चालत नाहीत, काहींत ॲल्युमिनियमचे तुकडेच घातलेले असतात.

आता त्या गोष्टीकडे येते जी मला या सगळ्या खटाटोपात सर्वात जास्त आवडते. पाणी शून्याला गोठतं, त्यात मीठ घातलं की आणखी खाली, हे शाळेत शिकलेलं असतं. त्या न्यायानं कॉस्टिकचं पाणी जितकं कडक तितकं गोठायला अवघड असायला हवं. काही अंतरापर्यंत तसंच होतं. एका भागाला चार भाग पाणी, म्हणजे वीस टक्क्यांचं द्रावण, शून्याखाली वीस अंशांवरही पातळ राहतं. पण निम्मं कॉस्टिक आणि निम्मं पाणी असं कडक द्रावण केलं तर बारा-तेरा अंशांवरच त्यात स्फटिक धरायला लागतात. बारा अंश म्हणजे नाशिकची जानेवारीतली साधी पहाट. कारण असं की थंड पाण्यात कॉस्टिक मावतच कमी: वीस अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात १०० ग्रॅमच्या वर मावतं, शून्य अंशाला फक्त ४२ च्या आसपास. जे मावत नाही ते खाली बसतं.

पुष्कळ साबणवाल्या वेळ वाचवायला असं निम्म्यानिम्म्याचं पाणी एकदाच करून बाटलीत भरून ठेवतात आणि लागेल तसं वापरतात. मुंबईत वर्षभर खपून जातं. इकडच्या थंडीत मात्र सकाळी बाटलीच्या तळाशी पांढरा खडा दिसतो आणि वर निवळ पाणी. ते वरचं पाणी ओतून घेतलं तर त्यात कॉस्टिक कमी, साबण मऊ आणि तेलकट. खालचा खडा खरवडून घातला तर साबणात पांढऱ्या गाठी, आणि त्या गाठी म्हणजे न लागलेलं कॉस्टिक. अंगाला लावलं की झोंबतं. उपाय आहे, पण घाईचा नाही. झाकण सैल करून बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी करायची, हळूहळू विरघळू द्यायचं, पुरतं निवळल्यावर सावकाश हलवायचं. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. आणि ती बाटली शीतपेयाची नसावी, कधीही. घरातल्या तहानलेल्या माणसाला बाटली ओळखीची वाटली की पुढचं सगळं डॉक्टरांच्या हातात जातं. अन्ननलिका भाजलेली लहान मुलं सर्जन लोकांनी पाहिलेली असतात. मी तर बाटलीच ठेवत नाही. लागेल तेवढंच, लागेल तेव्हा, एकास दोन.

तेलाच्या बाजूलाही थंडी आपली चाल खेळते. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं, हे थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. माझ्या साबणात अर्धं खोबरेल, बाकी शेंगदाणा तेल आणि थोडं एरंडेल: अडीचशे, दोनशे, पन्नास. हिशोबानं त्याला एकोणऐंशी ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक लागतं, त्यातलं पाच टक्के मुद्दाम कमी घालते म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि कातडीला ओढ बसत नाही. कधी कोकणातून कोकमाचं मुठेल आलं तर तेही थोडं घालते, मग हिशोब नव्यानं. तर हे तेल नीट पातळ न करता, किंवा कॉस्टिकचं पाणी अगदी गार होऊ देऊन एकत्र केलं की मिश्रण दोन मिनिटांत दाट होतं. ब्लेंडरची रेघ वर उमटते, आपण खूश होतो, साच्यात ओततो. प्रत्यक्षात साबण झालेलाच नसतो. खोबरेल फक्त गोठलेलं असतं, आणि त्याच्या पोटात कॉस्टिक तसंच बसलेलं असतं. त्यामुळे थंडीत दोन्हींना चाळीस अंशांच्या जवळ आणून मगच भेटवायचं. कॉस्टिकचं पाणी ऐंशीवरून चाळीसवर थंडीत फार लवकर उतरतं, उन्हाळ्यासारखं तासभर वाट बघत बसलात तर चुकलंच. तेव्हा थर्मामीटर हवा. बोट बुडवून बघायची सवय पाकासाठी राखून ठेवावी.

अंगावर पडलंच तर काय, हे आधी ठरवून ठेवावं लागतं, कारण पडल्यावर डोकं चालत नाही. कॉस्टिक लागलं की लगेच आग होतेच असं नाही. आधी बुळबुळीत लागतं, साबण लावल्यासारखं. तुमच्याच कातडीतल्या तेलाचा साबण व्हायला लागलेला असतो. गारठलेल्या बोटांना तर ते कळायलाही उशीर होतो. इथे लिंबू, व्हिनेगर यांचा उपयोग नाही, शाळेतल्या आम्ल-अल्काच्या धड्यानं इथे दगा दिला आहे. एक तर ते शोधण्यात वेळ जातो आणि वर त्या संयोगातून उष्णताच निघते. पाणी, फक्त पाणी, वाहतं, किमान वीस मिनिटं. भिजलेला कपडा आधी उतरवायचा. डोळ्यात गेलं तर पापणी धरून वाहत्या पाण्याखाली किमान तितकाच वेळ, आणि मग थेट दवाखाना, दुखत नसलं तरी. डिसेंबरात गार नळाखाली वीस मिनिटं हात धरणं म्हणजे शिक्षा. पाचव्या मिनिटाला माणूस 'झालं आता' म्हणून हात काढून घेतो. म्हणून कालवायला बसण्याआधी मी मोरीत कोमट पाण्याच्या दोन बादल्या आणि मग भरून ठेवते. सासूबाईंना हव्या असलेल्या कोमट पाण्याची जागा ती.

ऊब खऱ्या अर्थानं उपयोगी पडते ती अगदी शेवटी, साच्यात ओतल्यावर. उन्हाळ्यात साबण स्वतःच्या उष्णतेनं आतून तापतो आणि अख्खी वडी एकसारखी होते. थंडीत मधला भाग तापतो, कडा गारच राहतात, आणि दुसऱ्या दिवशी कापलं की मध्ये गडद वर्तुळ आणि भोवती फिका पट्टा. साबणात दोष नाही, दिसायला मात्र ओशाळवाणं. वर पांढरी भुकटीही धरते; हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं पृष्ठभागावरच्या कॉस्टिकचा धुण्याचा सोडा झालेला असतो, तो पुसून निघतो. दोन्हींवर इलाज एकच: साच्यावर झाकण आणि त्याभोवती गोधडी. आमच्याकडे त्यासाठी एक विरलेली गोधडी राखून ठेवली आहे, आणि ती अंथरुणात येऊ नये याची जबाबदारी माझ्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी वड्या कापताना हातमोजे असतातच, कारण तेव्हाही साबण कच्चा असतो. मग जाळीच्या ताटात सुट्या मांडून माळ्यावर. मी सहा आठवडे म्हणते. सासूबाई चार म्हणतात, आणि संक्रांतीला हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायचं असेल तर तीनच म्हणतात. चाराला माझी हरकत नाही. हिशोब बरोबर असला तर तोवर कॉस्टिक संपलेलं असतं, आणि पुढचे दिवस फक्त पाणी उडून वडी घट्ट होण्याचे, म्हणजे मोरीत ती लवकर विरघळून जाऊ नये यासाठी. तीनाला मात्र मी नाही म्हणते. यंदा वाणाला डाळिंबं आणली.